फौजी पोरांची पडद्यांची गोधडी: धरमपेठेतल्या आर्ट वर्कशॉपबद्दल

घरात कोणी वर्दीत असेल, आर्मी, एअरफोर्स, नेव्ही, सीआरपीएफ काहीही, आणि सध्या पोस्टिंग नागपूर-कामठीला असेल, आणि दहा ते सोळा वर्षांचं पोरगं किंवा पोरगी असेल, तर ह्या वर्कशॉपला नक्की पाठवा. हे आधीच लिहून टाकते कारण पुढचं लांब होणार आहे, मला ह्याबद्दल थोडक्यात बोलताच येत नाही. आणि ज्यांच्या घरात कोणीच फौजेत नाही त्यांनी पण पाठवा, का ते खाली येईलच.

आधी काय आहे ते सांगते. धरमपेठेत एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर स्टुडिओ आहे, दोघी जणी चालवतात. एक ताई, चित्रकला शिकलेली, आणि एक मावशी, ज्यांची सगळी हयात शिवणकामात गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत बॅच सुरू होते आणि शाळा उघडल्यावर रविवारी सकाळी चालू राहते. सगळी मुलं मिळून एक मोठी गोधडी करतात, प्रत्येकाला दीड फूट बाय दीड फुटाचा एक चौकोन, त्या चौकोनात त्याची गोष्ट, आणि मग सगळे चौकोन जोडून एक कापड, आणि शेवटी प्रदर्शन. फी एका मुलाची १,५०० रुपये, भावंड असेल तर दुसऱ्याची अर्धी. मांजरपाट, दोरे, सुया, अंगुस्तान, फॅब्रिक कलर सगळं त्याच्यातच, वरून एक पैसा मागितला नाही. आजकाल पेंटिंग क्लासवाले महिन्याला ह्याच्याहून जास्त घेतात आणि पोरगं तोच डोंगर-सूर्य-झोपडी घेऊन घरी येते, म्हणून फीबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

आम्ही वायुसेनानगरला राहतो. मिस्टर एअरफोर्सला, टेक्निकल ट्रेडमध्ये. माझं माहेर महालातलं, त्यामुळे नागपूरची पोस्टिंग आली तेव्हा मी नुसती नाचत होते, आई जवळ, बहीण जवळ, सकाळी तर्री-पोहे, सगळं आपलं. पण मुलीसाठी हे अजून एक नवीन गावच होतं. कर्नाटकातलं बिदर, आसामातलं जोरहाट, पंजाबातलं हलवारा करून आलेली ती, आठवीत, आणि इथं आल्यावर तिला सगळे म्हणायचे अगं तू तर नागपूरचीच ना, आणि ती गप्प बसायची. घरात मराठी बोलते ती, पण मधूनच हिंदी येते आणि पंजाबी पण येते, वर्गात कोणी हसलं की दिवसभर बोलायचीच नाही. तेव्हा शेजारच्या भाभीनं ह्या वर्कशॉपचं सांगितलं.

नागपुरात फौज किती आहे हे आपल्या नागपूरकरांनाच नीट माहीत नाही असं मला नेहमी वाटतं. कामठीची छावणी १८२१ ची, तिथं ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे. वायुसेनानगरला एअरफोर्सची विमानं-यंत्रं सांभाळणाऱ्या पूर्ण मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. हिंगणा रोडला सीआरपीएफ. सीताबर्डीच्या किल्ल्यात टेरिटोरियल आर्मीची बटालियन बसते, पण आपल्याला तो किल्ला आठवतो २६ जानेवारी नाहीतर १५ ऑगस्टला, कारण त्या दिवशी आत सोडतात. ह्या सगळ्या घरांतली पोरं आपल्याच पोरांच्या बाजूला बाकावर बसतात, डबा शेअर करतात, आणि मग दोन-तीन वर्षांनी एक दिवस टीसी काढून निघून जातात. केंद्रीय विद्यालयं तर मुळात ह्याच बदल्यांच्या पोरांसाठी निघाली, १५ डिसेंबर १९६३ ला योजना सुरू झाली तेव्हा २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊनच सुरुवात झाली होती. म्हणजे सोय ६० वर्षांपासून आहे, अभ्यासक्रम सगळीकडे एकच ठेवला, पण त्या पोराला आतून काय होऊन राहिलं हे विचारायला त्या सोयीत कोणतीच जागा नव्हती. मी स्वतः आई असून विचारलं नव्हतं, सामान बांधण्यातच महिना जायचा.

पहिल्या दिवशी पालकांना थोडा वेळ बसू दिलं म्हणून मला सुरुवात बघायला मिळाली. ताईनं कागद वाटले आणि म्हणाली काढा काहीही. झालं, सगळ्यांनी तिरंगा, रणगाडा, विमान, सॅल्यूट मारणारा सैनिक. शाळेत दर १५ ऑगस्टला पोस्टर स्पर्धेत हेच काढून काढून हात बसलेला असतो त्यांचा. ताईनं एकालाही नाव ठेवलं नाही, छान आहे म्हणाली, हे घरी भिंतीला लावा, आणि मग दुसरा कागद दिला आणि प्रश्न विचारायला लागली. आधीच्या घराच्या खिडकीतून काय दिसायचं? काळ्या ट्रंकेत सगळ्यात खाली काय असते? नवीन घरात गेल्यावर सगळ्यात आधी कोणती वस्तू बाहेर काढता? अशी कोणती गोष्ट आहे जी मागच्याच गावी राहिली? पहिली पाच मिनिटं कोणी बोललं नाही आणि नंतर मग थांबेचनात. एका मुलानं सांगितलं की त्यांच्या ट्रंकेवर पप्पांचं नाव आणि नंबर पांढऱ्या रंगात लिहिलेला आहे आणि तो लहान असताना त्याला वाटायचं हा आपल्या घराचा पत्ता आहे, कारण बाकी पत्ता बदलायचा आणि हा एकच तसाच राहायचा. ऐकून सगळ्या आया एकमेकींकडे बघायला लागल्या.

आता पडदे. नियम असा की नवीन कापड आणायचं नाही, घरात पडलेलं जुनंच आणायचं, आणि वर्दीचं कापड तर अजिबात नाही. त्याची दोन कारणं ताईनं सांगितली. एक म्हणजे सुरक्षेचं, आर्मीचा २०२२ पासूनचा नवीन पॅटर्न तर खुल्या बाजारात विकायलाच बंदी आहे, असलं कापड कुठं लटकवून ठेवणं बरोबर नाही. आणि दुसरं मला जास्त पटलं, वर्दी ही बाबाची गोष्ट आहे आणि आपल्याला पोराची पाहिजे. मग काय आणायचं म्हटल्यावर कामठीच्या एक भाभी पटकन बोलल्या, पडदे आणा ना. आणि सगळ्या हसल्या, कारण प्रत्येकीकडे गठ्ठाच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, क्वार्टरच्या खिडक्या प्रत्येक स्टेशनला वेगळ्या मापाच्या असतात. एका ठिकाणी मोठ्या हौसेनं पडदे शिवायचे आणि पुढच्या ठिकाणी ते एक वीत आखूड पडतात नाहीतर जमिनीवर लोळतात. टाकून द्यायला जीव होत नाही म्हणून बांधून नेतो, दर बदलीला तो गठ्ठा वाढत जातो. हे कापड म्हणजे पोरांच्या डोळ्यासमोर रोज असलेलं कापड, त्याच्याआडून त्यांनी बाहेर पाहिलेलं. ह्याच्यापेक्षा चांगलं साहित्य कुठल्या आर्टच्या दुकानात मिळणार नव्हतं.

माझ्या मुलीनं जोरहाटचा हिरवा पडदा नेला, ज्याला तिथल्या पावसात बुरशीचे ठिपके पडले होते आणि ते कधीच गेले नाहीत. मी म्हटलं अगं दुसरा ने, हा डागाचा आहे, तर म्हणे नाही, मला डागच पाहिजेत. ते डाग तिनं पानं म्हणून वापरले. मेंदीचं कुंपण शिवलं तिनं, उभ्या टाक्यांनी, गडद हिरव्या आणि पोपटी दोऱ्यांनी, आणि मधोमध कात्रीनं चक्क एक भोक पाडलं. मावशी तिथंच होत्या.

"काय वं, भोक पाडून राहिली कापडाला?"

"मावशी, ते कुंपणातलं भोक आहे. माझी मैत्रीण पलीकडे राहायची, आम्ही त्यातून वह्या द्यायचो."

"मग काठ शिवून घे आधी, नाही तर उसवत जाईन पार. काज करता येते का? नाही? बस इथं."

आणि मावशींनी तिला काजाचा टाका शिकवला, शर्टाच्या काजाला घालतात तोच, एकेक गाठ शेजारी शेजारी, दोरा ओढायचा पण कापड चुरगळू द्यायचं नाही. पूर्ण गोलाला तिला इतका वेळ लागला की घरी आणून पण करत बसायची, टीव्ही चालू असला तरी मान खाली. तेव्हा कळलं की ती मैत्रीण सहामाहीच्या मध्येच गेली होती, बाय पण नीट झालं नव्हतं, आणि त्या क्वार्टरमध्ये जे नवीन लोक आले त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्या भोकाला जाळी ठोकली. हे मला तिनं कधीच सांगितलं नव्हतं. मी त्याच घरात राहत होते, त्याच कुंपणावर कपडे वाळत घालायचे.

पालकांच्या मीटिंगमध्ये ताईनं ही कल्पना कुठून आली तेही सांगितलं आणि ते मला लिहावंसं वाटतं कारण आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही. अमेरिकेत एप्रिल हा सैनिकी घरांतल्या मुलांचा महिना म्हणून पाळतात, १९८६ साली तिथले संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर ह्यांनी तो सुरू केला. त्या महिन्यात शाळेत सगळे जांभळे कपडे घालतात, कारण सगळ्या दलांचे रंग एकत्र केले की जांभळा होतो असं ते मानतात. आणि त्या मुलांचं फूल म्हणजे डँडेलियन, वाऱ्यानं बी उडून कुठंही पडलं तरी तिथं रुजणारं. तिकडे असं पोरगं बालवाडी ते बारावी साधारण सहा ते नऊ वेळा शाळा बदलते. ओहायो राज्यानं २०१७ मध्ये अशा मुलांना नीट सामावून घेणाऱ्या शाळांना पर्पल स्टार द्यायला सुरुवात केली, मग बाकी राज्यांनी उचललं. आणि अशा शाळांमधून मुलांनी मिळून भिंती रंगवणं, रजया शिवणं, आपापल्या गोष्टींचं एकच मोठं चित्र करणं हे तिकडे होत असते.

आपल्या ताईनं ते जसंच्या तसं उचललं नाही, हे मला फार आवडलं. जांभळा रंग घेतला नाही. आपल्याकडे तिन्ही दलांच्या एकत्र झेंड्यात लाल, गडद निळा आणि आकाशी असे तीन पट्टे असतात, तर चौकोनांच्या कडेचा धावदोरा ह्या तीन रंगांत, आणि तिन्ही दोरे एकाच सुईत नाही तर एकापाठोपाठ एक. डँडेलियन बॅचमध्ये फक्त एकीनं पाहिलं होतं, श्रीनगरला राहून आलेली. बाकी म्हणाले आम्ही रुईची म्हातारी पकडतो, ते रेशमी तंतूंचं बी, ती उडते ना. मग तीच घेतली. कापडभर पांढऱ्या रेशमाच्या म्हाताऱ्या उडून राहिल्या आहेत, कुठं दाट कुठं विरळ, प्रत्येक पोरानं किमान एक तरी केली.

मापाबद्दल पण एक गोष्ट आहे. ताईनं अमेरिकेतल्या एड्सच्या गोधडीचं सांगितलं, ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानात अंथरली होती, १,९२० तुकडे, गेलेल्या माणसांच्या जवळच्यांनी शिवलेले, आणि प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, सगळ्यांना तेच माप. इथं पण तेच, सगळ्यांना दीड फूट. फौजेतल्या बायकांना ह्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. क्वार्टरचा आकार रँकप्रमाणे, पार्टीत बसायची जागा रँकप्रमाणे, आणि पोरांना पण ते न सांगता कळलेलं असते, ऑफिसरचं पोरगं इकडे आणि जवानाचं तिकडे. ह्यांच्या फॉर्मवर वडिलांच्या रँकचा रकानाच नाही. दल कोणतं ते पण विचारत नाहीत. फक्त आत्तापर्यंत कुठं कुठं राहिलात ते लिहायचं, आणि तेही गावाचं नाव, युनिटचं नाही. युनिट, कॅम्प, गेट, विमान, कुठलीच असली माहिती कापडावर येऊ द्यायची नाही ह्याची दोघींनी नीट काळजी घेतली, मिस्टरांनी सगळ्यात आधी हेच विचारलं होतं म्हणून मुद्दाम लिहिते. आणि एका टेबलाला कर्नलसाहेबांची मुलगी आणि नायक रँकच्या जवानाचा मुलगा एकच कात्री वापरून राहिलेत, असं मी आमच्या इतक्या वर्षांत कुठल्याच स्टेशनला पाहिलं नव्हतं.

सिव्हिल पोरांचं वर म्हटलं होतं ते आता. बॅचमध्ये जवळजवळ निम्मी पोरं साध्या घरांतली असतात, गोकुळपेठ, सदर, महाल, इतवारी. प्रत्येक फौजी पोराची एका नागपूरच्या पोराशी जोडी लावतात आणि एकमेकांच्या चौकोनाची कड एकमेकांनी शिवायची. त्यासाठी आधी समोरच्याची गोष्ट पूर्ण ऐकावी लागते, नाहीतर कडेला काय घालायचं तेच कळत नाही. गोकुळपेठेतल्या एका मुलानं स्वतःच्या चौकोनात वर्गातला बाक शिवला, अर्धा रंगवलेला अर्धा कोरा, कारण त्याचा फौजी मित्र गेला आणि त्या जागेवर बाईंनी वर्षभर कोणालाच बसवलं नाही. मागे राहणाऱ्यालाही काही होत असेल हे आमच्यासारख्या सतत निघून जाणाऱ्यांच्या डोक्यात येत नाही. मी त्या चौकोनासमोर बराच वेळ उभी होते.

एका मुलाचे वडील परत आले नाहीत. त्यानं स्कूटरचा पुढचा भाग शिवला, हँडल आणि खाली उभं राहायची जागा, बाकी काहीच नाही, माणूस नाही, नाव नाही, फूल नाही. ताई-मावशींनी त्याला एका शब्दानं विचारलं नाही की पूर्ण का नाही करत. प्रदर्शनाला आलेल्या एका गृहस्थांना त्या मुलाला उभं करून फोटो काढायचा होता, शहीद का बेटा म्हणून, तर ताईनं शांतपणे सांगितलं की काका, त्याला फोटो नको आहे, तुम्ही कापड बघा. त्या एका गोष्टीसाठी मी ह्यांना पैकीच्या पैकी मार्क देते. आपण लोक प्रेमानंच करतो हे, पण त्या लेकराला दर वेळी सगळ्यांसमोर उभं राहावं लागते.

आता ह्या सगळ्यातली जी कल्पना मला सगळ्यात भारी वाटली ती. चौकोन गोधडीला शिवलेले नाहीतच, टिचबटणांनी लावलेले आहेत. खाली मांजरपाटाचं मोठं अस्तर आहे, त्यावर घरं आखलेली, आणि प्रत्येक घरावर एक चौकोन टिच टिच करून बसतो. बदली आली की पोरगं आपला चौकोन काढून सोबत घेऊन जाते. जायच्या आधी त्या रिकाम्या घरात, अस्तरावरच, पुढच्या पोरासाठी काहीतरी लिहून जायचं, आणि नवीन आलेलं पोरगं त्याच घरावर आपला चौकोन लावते. म्हणजे कापड कधी पूर्ण होतच नाही, आणि कधी रिकामंही होत नाही. अस्तरावर मी वाचलं, एकीनं लिहिलंय, "मे महिन्यात दुपारी सायकल चालवू नको, सीट भाजते." एकानं लिहिलंय, "इथली पोरं बे म्हणतात, ते भांडण नसते." एकानं फक्त त्याच्या इथल्या मित्राचं नाव आणि "हा चांगला आहे". कोणत्या शाळेच्या माहितीपुस्तकात हे मिळेल? नवीन गावात पहिल्या दिवशी पोराला हेच पाहिजे असते.

प्रदर्शन सिव्हिल लाईन्सच्या एका हॉलमध्ये होतं. गोधडी भिंतीला न ठोकता तारेवर मधोमध टांगली होती त्यामुळे मागची बाजू पण दिसायची, गाठी, सुटलेले दोरे, मावशींनी केलेल्या दुरुस्त्या. बाजूला पोरांनी पुठ्ठ्याचा झिरो माईलचा खांब केला होता. खरा खांब आपल्याकडे आहेच, घोडे आणि सहा बाजूंचा दगड, त्यावर वेगवेगळ्या गावांची अंतरं कोरलेली. पोरांनी त्यांच्या खांबावर त्यांची जुनी घरं लिहिली आणि किलोमीटर स्वतः नकाशावर मोजून टाकले. खालच्या ओळीत किलोमीटरऐवजी ट्रेनच्या रात्री लिहिल्या होत्या, जोरहाटसमोर, पठाणकोटसमोर, भूजसमोर. माझे सासरे गावाहून आले होते, ते त्या खांबाभोवती हळूहळू पूर्ण फिरले, एकेक ओळ वाचत, आणि मग मिस्टरांना फोन लावून बसले.

तक्रारी पण लिहिते, कारण ह्यांनी सुधारावं असं मनापासून वाटते.

सगळ्यात मोठी आवाजाची. प्रत्येक चौकोनाला पोराच्या आवाजातली गोष्ट जोडलेली आहे, मोबाईलनं स्कॅन केलं की ऐकू येते. पण रेकॉर्डिंग भर मे महिन्यात, डेझर्ट कूलर चालू ठेवून, त्यामुळे निम्म्या गोष्टींत पोरगं कमी आणि कूलरच जास्त ऐकू येतो. काही मुलांचं परत केलं, कूलर बंद करून, ते अगदी स्वच्छ आलंय, म्हणजे जमते. मग सगळ्यांचंच करायला पाहिजे होतं. स्कूटरवाल्या मुलाचं त्या गोंगाटातच राहिलं आणि तो परत बोलायला तयार नाही, ते कायमचं गेलं. ह्याचं मला खरंच वाईट वाटते. पुढच्या बॅचला रेकॉर्डिंग जानेवारीत करा, सकाळी करा, कसंही करा पण कूलर नको.

दुसरं, हॉलमध्ये हेडफोन नव्हते आणि चौकोनाखालच्या पट्ट्या फक्त इंग्रजीत. नागपुरात, मराठी-हिंदी बोलणाऱ्या पोरांचं काम, बघायला येणारे आजी-आजोबा, आणि पट्ट्या इंग्रजीत कशाला? मी त्याच दिवशी बोलले, दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांनी हातानं मराठीत आणि हिंदीत लिहून चिकटवल्या, आणि त्या छापलेल्यांपेक्षा चांगल्या दिसत होत्या. पण हे आधी सुचायला पाहिजे.

तिसरं, टिचबटणं हलकी वापरलीत. चार-पाच वेळा काढ-घाल केली की सैल पडतात, दोन चौकोन प्रदर्शनातच लोंबत होते, आणि पावसाळ्यात गंजतील ते वेगळंच. पूर्ण कल्पनाच ज्या बटणावर उभी आहे ते बटण पितळेचं भारीतलं घ्या, इतवारीत घाऊक मिळते, त्यासाठी फी शंभर रुपयांनी वाढवली तरी कोणी काही म्हणणार नाही.

गोधडी उंच पण टांगली होती, वरची रांग दहा वर्षांच्या पोराला दिसतच नव्हती, आणि ती त्यांचीच गोधडी.

बाबा लोकांचं काय, हा प्रश्न मी ताईला विचारला. बॅचमध्ये बऱ्याच मुलांचे वडील फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा पोस्टिंगवर असतात, आई आणि मुलं इथं. त्यांना ह्यात कसं घेता येईल? व्हिडिओ कॉलवर प्रदर्शन दाखवलं पण नेटवर्क कुठं असते कुठं नसते. मला वाटते एक साधा उपाय आहे, कड शिवायचा एक फूटभर दोरा सोडून ठेवा, बाबा सुट्टीवर आला की तो येऊन चार टाके घालेल. फौजी माणसाला सुई धरता येते, बटणं त्यांची तेच लावतात. ताईनं ऐकून घेतलं, वहीत लिहिलं, बघू.

जागेबद्दल थोडं. जिना अरुंद आहे, गुडघ्याचा त्रास असेल तर त्रास होतो. पार्किंग नाही म्हणा, धरमपेठेत रविवारी गाडी लावणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहेच, दुचाकीनं या. कामठीकडून येणाऱ्यांनी ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत येऊन मेट्रो घ्यावी आणि सीताबर्डीला बदलावी, पोरं एकटी पण येऊ शकतात, मोठी असतील तर. पाणी आणि बाथरूम स्वच्छ. मावशी मधल्या वेळात पोरांना मुरमुऱ्याचा चिवडा देतात, डबा नाही दिला तरी चालते.

कोणाला जमणार नाही तेही सांगते. ज्यांना पोरानं सर्टिफिकेट आणि मेडल आणावं असं वाटते त्यांनी येऊ नका, इथं नंबर काढत नाहीत. दहावी-बारावीवाल्यांना रविवार जड जातो, त्यांच्यासाठी वेगळी छोटी बॅच पाहिजे, कारण अकरावीत शाळा बदलणं हे सगळ्यात अवघड आणि तीच पोरं इथं सगळ्यात कमी आहेत. आणि पहिले दोन-तीन रविवार पोरगं घरी येऊन काहीच सांगणार नाही, तेव्हा खोदून विचारू नका. माझी मुलगी बोलायला लागली ती काज शिवताना.

आमची पोस्टिंग अजून आहे, पुढच्या बॅचला धाकट्याला टाकतेय. त्याला हलवाऱ्याचा पिवळा पडदा पाहिजे, मी आत्ताच काढून धुऊन ठेवलाय. नवीन बॅचचे फॉर्म ते दिवाळीनंतर देतात, जागा थोड्याच असतात, आणि जोडीला इथलं पोरगं लागते म्हणून तुमच्या बिल्डिंगमधल्या, वर्गातल्या एखाद्या नागपूरच्या घराला पण सोबत सांगा. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा कूलरचा कापला.